कातळ्याचा शड्डू

माझा बाप राक्षस होता. शाळेत मी हे छाती पुढं काढून सांगायचे आणि कोल्हापुरात त्याला कुणी हसायचं नाही, कारण 'कातळ्या' सगळ्यांनी बघितलेला असायचा. दगडखाणीत सुरुंग लागतो, कातळ फुटून आतून एक राक्षस बाहेर पडतो, खाणमालकाच्या माणसांना चिरडतो आणि शेवटी खाणीतल्या पाण्यात बुडून मरतो, एवढीच त्याची गोष्ट. सिनेमा म्हणून बघाल तर भिकार आहे. हिरोची मिशी एका बाजूनं सुटलेली दिसते. राक्षसाच्या पाठीवर गोणपाटावरचा साखर कारखान्याचा शिक्का सरळ वाचता येतो. तरी पंचावन्न वर्षं झाली, लोक त्या सिनेमावर जीव टाकतात. त्यांचं 'कातळ्या मंडळ' आहे, दरवर्षी मेळावा असतो, आणि इंटरनेटवर 'कातळ्या भांडार' आहे. त्यात तंबूच्या फाटक्या तिकिटापासून सिनेमाच्या मिळेल त्या प्रतीपर्यंत सगळं जपून ठेवलंय.

या सगळ्या वेडाचं मूळ म्हणजे शेवटचा शड्डू. पैलवान आखाड्यात उतरला की समोरच्याला आव्हान द्यायला दंडावर थाप मारतो, तसा कातळ्या बुडता बुडता शड्डू ठोकतो. मरताना, छातीपर्यंत पाण्यात, हिरोच्या डोळ्याला डोळा भिडवून. नाद खुळा. मेळाव्यात आजही तो प्रसंग आला की अख्खं सभागृह उभं राहून दंड ठोकतं.

त्या पोशाखात माझा बाप होता. हिंदुराव पाटोळे, नावाजलेला पैलवान. शूटिंगच्या शेवटच्या दिवशी, पॅकअप झाल्यावर, दारू पिऊन खाणीत पोहायला उतरला आणि बुडाला, असं कंपनीनं सांगितलं. मी तेव्हा आईच्या पोटात होते. पैलवान गडी दारू पिऊन मेला म्हटल्यावर तालमीनं भिंतीवरचा त्याचा फोटो उतरवला. गावानं काय काय बोलायचं ते बोलून घेतलं. 'दारुड्याची पोरगी' हे मी बालवाडीपासून ऐकलंय. आईनं त्यावर कधी तोंड उघडलं नाही आणि सिनेमाही कधी बघितला नाही.

मी मात्र बघितला, मोजदाद नाही इतक्या वेळा. त्याचा चेहरा गोणपाटाच्या आड, आवाज दुसऱ्याच कुणाचा भरलेला. बाप म्हणून माझ्या वाट्याला तेवढा एक शड्डू आला. दारुडा म्हणा नाहीतर काही म्हणा, जाताना शड्डू ठोकून गेला, एवढ्या एका गोष्टीवर मी माझी मान ताठ ठेवली होती.

म्हणून इंद्रजित ढवळे माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पायरीवर उभा राहिला तेव्हा मी त्याला चहा दिला. गाड्या आता आपापल्या चालतात, तरी परवान्याला माणूसच लागतो, त्यामुळं माझं दुकान अजून चालू आहे. इंद्रजित हा दिग्दर्शक अप्पासाहेब ढवळ्यांचा मुलगा. अप्पासाहेब अजून हयात होते, चाकाच्या खुर्चीत का होईना.

"वैजयंताताई, रविवारी मेळाव्यात बाबांचा सत्कार आहे," तो म्हणाला. "त्याच वेळी स्टेजवरच 'कातळ्या'ची प्रमाण प्रत ठरणार. जुळणी. तुम्हाला ठाऊक असेलच."

ठाऊक होतं. साठवणघरांना वीज आणि पाणी पुरेना म्हणून नवा कायदा आला होता. एका सिनेमाची एकच प्रत 'महाकोशा'त राहणार, बाकीच्या तिच्यात जुळवून पुसून टाकायच्या. 'कातळ्या'ची पाळी आली होती.

"आणि पुढचा भाग काढतोय आम्ही," तो म्हणाला. "कातळ्या परत येतो. मेलेल्या नटाच्या हालचालींवर वारसाचा हक्क असतो आता, म्हणून तुमची संमती पाहिजे. शड्डू तुमच्या वडिलांचाच. नाव सुरुवातीला, मोठ्या अक्षरात. तालमीशीही बोललोय मी, फोटो परत लागेल. इतकी वर्षं राहून गेलं, आमचं चुकलंच."

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. फोनवर संमतीचं पान उघडं होतं, फक्त अंगठा ठेवायचा होता. तो गेला, आणि आधी हळदीकुंकू लावून मग अंगठा ठेवावा का, असलं काहीतरी खुळ्यासारखं मनात घोळवत मी बसले होते, तेवढ्यात फारूकचा फोन आला.

फारूक बागवान म्हणजे भांडार सांभाळणारा. चाळिशीचा गडी, फळांचा घाऊक व्यापारी, आणि 'कातळ्या'चं वेड त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला नसेल.

"अक्का, अंगठा दिलासा काय?"

"देतेय की."

"देऊ नका. आधी इकडं या."

"का रं? काय बिघडलं?"

"फोनवर नको," एवढंच म्हणून त्यानं ठेवून दिला. फारूक बोलायला लागला की थांबत नाही, त्यामुळं मी तशीच उठून निघाले.

त्याच्या गोदामात एका बाजूला सफरचंदं आणि दुसऱ्या बाजूला भांडाराची यंत्रं, दोन्हींना गारवा लागतो म्हणून एकाच थंड खोलीत. मी स्वेटर न घेता गेलेली. त्यानं मला खोक्यावर बसवलं आणि स्वतः उभाच राहिला.

"जुळणी व्हायच्या आधी मी सगळ्या प्रती तपासत होतो," तो म्हणाला. "एक विचारतो. तुम्ही शड्डू कुठल्या हातानं ठोकता?"

"उजव्या. सगळेच उजव्या हातानं ठोकतात."

"आपल्या प्रतींत कातळ्या पण उजव्याच हातानं ठोकतो. तो दगडी पंजाचा हात. बरोबर?"

"मग?"

"एका प्रतीत पंजा वरून येतो, एकीत बाजूनं. एकीत दोनदा ठोकतो, एकीत चारदा. एकच सिनेमा, अक्का. एकच शॉट. असं कसं होईल?"

मग त्यानं मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण त्याच्या शब्दांत सांगायचं तर सफरचंदं सडतील.

सिनेमा आता कुणी चित्राला चित्र असा साठवत नाही, तेवढी जागा कुणाकडं नाही. यंत्रानं लाखो सिनेमे बघितलेत, त्यामुळं पुढं काय दिसणार याचा अंदाज ते स्वतःच बांधतं. साठवायचं फक्त एवढंच की अंदाज कुठं चुकला. समजा माझी आई दिवसभर काय करते ते तुम्हाला पाठ आहे. मग तिचा अख्खा दिवस लिहून कशाला ठेवायचा? 'नेहमीसारखाच गेला, फक्त आज चहा प्याली नाही' एवढं लिहिलं तरी पुरतं. यंत्र तसंच करतं. जे नेहमीसारखं ते परत लागेल तेव्हा मनानं रंगवतं, आणि जे वेगळं तेवढं बाजूला ठेवतं. त्या बाजूला ठेवलेल्याला फारूक 'चोथा' म्हणतो. रस काढून झाल्यावर उरतो तो.

"घोळ असा झाला," तो म्हणाला, "की आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं त्या प्रसंगाला नाव दिलं शड्डू. हजारो लोकांनी तेच लिहिलं. यंत्राला वाटलं, शड्डू म्हणजे काय ते मला येतंय. मग त्यानं आपल्या मनातला शड्डू रंगवला आणि खरं जे होतं ते चोथ्यात टाकलं. पुरात भिजलेल्या कॅसेटसारखा अंधुक चोथा, म्हणून कुणी तिकडं बघितलंच नाही. मूळ कॅसेटी लोकांनी टाकून दिल्या. निगेटिव्ह कधीच वितळली."

"म्हणजे खरं चित्र कुठंच नाही?"

"एका प्रतीच्या चोथ्यात नाही. पण जत्रेतल्या तंबूत कुणी फोनवर घेतलेली, केबलवरून उतरवलेली, गल्लीतल्या कॅसेटवरची, अशा सगळ्या प्रतींचा चोथा मी एकावर एक ठेवला. प्रत्येकीची धूळ वेगळी, ती एकमेकींना खाऊन टाकते. सगळ्यांत सारखं आहे तेवढंच उरतं." त्यानं पडदा माझ्याकडं वळवला. "बघा. आणि मला शिव्या घालू नका."

राखाडी, मुंग्या आल्यासारखं चित्र. पाणी. पाण्यात कातळ्या. त्याचा उजवा पंजा लोंबतोय, नुसता भार, हलत नाही. आणि डावा हात, पंजा नसलेला, माणसाचा हात, छातीवरून आडवा जाऊन उजव्या कुशीत थापा मारतोय. बगलेखाली. दंडावर नाही. थाप, थाप, थाप. मग बोटं तिथं काहीतरी चाचपतात. मग पाणी.

"हा शड्डू नाही," फारूक म्हणाला.

मी त्याला लई वाईट बोलले. माझ्या बापाकडं एवढी एकच गोष्ट होती आणि तीही तू खरवडून काढलीस, असं म्हणाले. त्याच्या फळांचा, त्याच्या यंत्रांचा, त्याच्या मंडळाचा उद्धार केला. तो ऐकून घेत उभा राहिला. माझं बोलून संपलं तेव्हा मला एवढी थंडी वाजत होती की दात वाजायला लागले, आणि त्यानं स्वतःचं जाकीट काढून माझ्या खांद्यावर टाकलं.

"लहानपणी कॅसेटवर मी बघितलाय रे," मी म्हणाले. "तेव्हा हे यंत्र नव्हतं. तेव्हा पण शड्डूच होता."

"तुम्हाला शड्डूच दिसणार की, अक्का. मला पण शड्डूच दिसला. आपण कोल्हापूरचे. दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर विचारलं असतं, हा स्वतःला मारून का घेतोय."

मी परत परत बघितलं. बोटं चाचपत होती, सुटायला काहीतरी शोधल्यासारखी. दारू पिऊन पोहायला उतरलेला माणूस पोशाख घालून उतरत नाही. माझा बाप पॅकअपनंतर बुडाला नव्हता. कॅमेरा चालू असताना बुडत होता, आणि आम्ही पंचावन्न वर्षं त्याची नक्कल करत होतो.

"मी संमती देत नाही," मी म्हणाले. "मग थांबेल ना जुळणी?"

"नुसतं नको म्हणून थांबत नाही. वारसाच्या हरकतीला आधार पाहिजे. रविवारी जुळणी झाली की चोथा फेकून देतात, परत कधी मिळायचा नाही. आणि आधार म्हणून हे चित्र दाखवलं तर ढवळे म्हणतील, फारूकच्या मशीननं बनवलं. आज कुठल्याही चित्राला कुणी खरं मानतं का?"

"मग काय करायचं?"

"जिवंत माणूस पाहिजे. तिथलं ठाऊक असलेला, पण हे चित्र न बघितलेला. त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं आणि ते ह्याच्याशी जुळलं, तर गोष्ट वेगळी. पण त्याला आधी काही कळता कामा नये."

"सिनेमा न बघितलेला माणूस कोल्हापुरात कुठं शोधणार तू?" मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला आई आठवली. त्याच्या डोक्यात ते आधीच आलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रजितचा फोन आला. संमती आली नाही म्हणून काळजीनं केलाय म्हणाला. आवाज मऊ होता.

"फारूकचं काहीतरी चाललंय असं कानावर आलं. ताई, तुमच्या वडिलांच्या दारूचा विषय मेळाव्यात कुणी काढू नये असं मी सगळ्यांना बजावलंय. आपणच खरं-खोटं उकरायला लागलो की मग लोकांच्या तोंडावर हात कोण ठेवणार? आईंचं वय झालंय. त्यांना कशाला त्रास?"

"बरं," मी म्हणाले. फोन ठेवला आणि फारूकला लावला.

दुपारी आई बाहेरच्या सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. फारूक माझ्यासोबत आला, तिला सफरचंदं दिली, आणि तिला विचारून फोन समोर ठेवला. "काय बोलतासा ते भरून घेतो, काकी, मंडळासाठी," म्हणाला. तिनं मान हलवली. मंडळाची माणसं घरी येतात, जुनं काय काय विचारतात, तिला सवय होती. ती त्यांना कधी काही सांगायची नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

वाटेत फारूकनं मला दहा वेळा बजावलं होतं. हाताचं नाव काढायचं नाही. कुशीचं नाही, थापेचं नाही. तुमच्या तोंडून एक शब्द गेला की सगळं वाया. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

"आई," मी म्हणाले, "बाबा तो पोशाख घालून पाण्यात उतरायचे, तर आत त्यांना जमायचं कसं?"

शेंग फोडायची थांबली. या घरात 'बाबा' हा शब्द तिच्यासमोर मी किती वर्षांनी उच्चारला, देव जाणे. तिनं माझ्याकडं बघितलं, फारूककडं बघितलं, आणि उठून आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला. मग तोही बंद झाला. फारूकनं माझ्याकडं बघून मान हलवली, उठू नका म्हणून. मी फोनवरचे सेकंद पळताना बघत बसले. ती परत बाहेर येणार नाही असं मला वाटायला लागलं होतं.

ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. फारूकला दिला. खाली बसली.

"घरी आणला होता एकदा तो पोशाख," ती म्हणाली. "मला दाखवायला. टायरची ट्यूब आतनं, वरनं गोणपाट, त्यावर रंग. ही एवढी जड. मी म्हटलं, ह्यात जीव गुदमरंल की तुमचा. तर म्हणाले, शालन, कुस्तीत ह्याच्यापेक्षा जड गडी अंगावर घेतोय मी."

ती हसली. मी तिला बापाचं नाव निघाल्यावर हसताना कधी बघितलं नव्हतं. मी हात मांडीखाली आणखी दाबून धरले.

"मग?" फारूक हळूच म्हणाला.

"मग काय. उजवा हात त्या पंज्यातच शिवून टाकायचे. त्या हातानं काय व्हायचं न्हाई. पट्टे हिकडं उजव्या बगलंत, एकट्याला सुटायचे न्हाईत. म्हणून खूण ठरवली होती."

"कसली खूण?"

आईनं डावा हात उचलला. छातीवरून आडवा नेला आणि उजव्या बगलेखाली, बरगडीवर थापा मारल्या. थाप, थाप, थाप.

"अशी. दम कोंडला, पट्टे सोडा, म्हणून. मला करून दाखवली होती. मी म्हटलं ही खूण दिसंल का कुणाला, तर म्हणाले, पट्टे बांधणारा काठावरच उभा असतोय." ती परत शेंगा फोडायला लागली. "तू का विचारतीस हे?"

फारूकनं फोन उचलला, डोळे पुसले आणि तिच्या पाया पडला. आई गोंधळून माझ्याकडं बघायला लागली.

"आई, उद्या मेळाव्याला चल."

"मी तो सिनेमा बघणार न्हाई, वैजू."

"सिनेमा नको बघूस. माझ्याशेजारी बस नुसती."

तिनं सुपातल्या शेंगा खालीवर केल्या. मग म्हणाली, "इस्त्रीचं लुगडं काढून ठेव."

रविवारी सभागृह खच्चून भरलं होतं. गोणपाट पांघरलेली, तोंडाला राखाडी रंग फासलेली माणसं, पोरंबाळं. पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत अप्पासाहेब, गळ्यात हार, नजर कुठंतरी लांब. आई मागच्या रांगेत माझ्याशेजारी, पदर घट्ट धरून. इंद्रजितनं स्टेजवरून माझ्याकडं बघून हात जोडले. त्याच्यासमोर जुळणीचं बटण होतं. हरकत कुणाची आहे का, असं कायद्यानं विचारावंच लागतं, ते त्यानं घाईघाईनं विचारलं.

मी उठले. आवाज गाडी शिकवताना निघतो तसा निघाला. "माझी आहे. हिंदुराव पाटोळ्यांची मुलगी. तो शड्डू नव्हता."

सभागृहात गलका झाला. कुणीतरी "बाई, खाली बसा" म्हणालं. फारूकनं कुणाला बोलू न देता आधी आईचं बोलणं लावलं. पडद्यावर आमचा सोपा, शेंगांचं सूप, आणि आई. उजवा हात शिवलेला. पट्टे. खूण. तिची ती थाप, थाप, थाप. आईनं पडद्यावर स्वतःला बघून माझा हात धरला.

मग त्यानं चोथा लावला. पाणी दिसल्याबरोबर सवयीनं माणसं उठली, दंड ठोकायला हात वर गेले. तेवढ्यात पडद्यावर डावा हात उजव्या कुशीत आपटायला लागला. वर गेलेले हात तसेच राहिले. मग एकेक खाली आले. सभागृहातला आवाज पार बसला. माझ्या पुढच्या रांगेतल्या माणसानं तोंडाचा रंग बाहीनं पुसायला सुरुवात केली, आणि तो पुसतच राहिला.

"हे मशीननं बनवलंय," इंद्रजित माइकवर म्हणाला. "आज काय वाटेल ते बनवता येतं. तुम्ही सगळे शहाणे आहात."

"मशीनला सांगून बघा की," फारूक म्हणाला. "शंभर वेळा सांगा. शंभर वेळा उजव्या हातानं शड्डू ठोकून दाखवेल. त्याला जे सुचलं नाही तेवढंच हे आहे. आणि काकींनी हे चित्र आत्ता, तुमच्यासोबत, पहिल्यांदा बघितलंय."

"डाव्या हातानं पण ठोकता येतो शड्डू," इंद्रजित म्हणाला. पण त्याच्या बाजूनं कुणी बोललं नाही.

आई उठली होती. मी तिला धरायला गेले तर तिनं माझा हात सोडवला. मधल्या वाटेनं चालत ती थेट पडद्याजवळ गेली. फारूकनं चित्र पुन्हा सुरुवातीपासून लावलं. तिनं मान वर करून सगळं बघितलं. बोटं चाचपताना बघितली. पाणी डोक्यावर मिटताना बघितलं. मग चित्र संपलं आणि पडद्यावर यंत्राची ओळ आली.

"काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

"पुढचा भाग उपलब्ध नाही," मी वाचलं. "अंदाजानं पूर्ण करू का, असं विचारतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढं काय झालं असेल ते हे यंत्र रंगवून दाखवेल, आई. कुणी उडी मारली, त्यांना बाहेर काढलं, असं सांगितलंस तर तसंही दाखवेल."

ती पडद्याकडं बघत उभी राहिली. एका क्षणाला मला वाटलं की ती हो म्हणेल. खरं सांगते, मला ती हो म्हणायला पाहिजे होती. मला माझा बाप पाण्यातून वर येताना बघायचा होता, खोटा का असेना.

"त्याला नको विचारू," ती म्हणाली. "ते यंत्र कुठं होतं तिथं."

ती वळली आणि पहिल्या रांगेसमोर येऊन थांबली. "अप्पासाहेब, तुम्ही होतासा."

इंद्रजित स्टेजवरून उतरला. "काकी, बाबांना आता काही आठवत नाही. त्यांना त्रास देऊ नका."

म्हाताऱ्यानं मुलाचा हात बाजूला केला. त्याची नजर लांबून परत आली होती. तो आईकडं बघत होता.

"दारू प्याले होते का ते?" आईनं विचारलं.

"न्हाई, वहिनी." आवाज इतका बारीक की फारूकनं माइक त्याच्या तोंडाजवळ नेला. "दारूचं मी सांगायला लावलं. पोशाख काढून घेतला आणि मग माणसं बोलावली. सिनेमा बंद पडला असता."

इंद्रजित खाली बघत होता.

"मग ते थापा मारत होते तेव्हा कुणी उडी मारली? पट्टे बांधणारा कुठं होता?"

"खूण त्या एकट्याला ठाऊक होती. त्याला मी दुपारीच गावात पाठवला होता, फिल्मचा डबा आणायला." त्यानं गळ्यातला हार काढायचा प्रयत्न केला, तो कानाला अडकला, आणि तसाच अडकलेला ठेवून तो बोलायला लागला. "आम्हाला वाटलं, पैलवानानं आपल्या मनानं शड्डू ठोकला. असा शॉट कुणी बघितला नव्हता, वहिनी."

"मग काय केलंसा तुम्ही?"

म्हाताऱ्यानं मांडीवरचे आपले दोन्ही तळहात बघितले.

"टाळ्या वाजवल्या," तो म्हणाला. "सगळ्यांनी. ते बुडाल्यावर पण वाजवत होतो."